आजीबाईंच्या पेटीतल्या बरण्या: जुन्या साधनांनी घरगुती कॅनिंग कसं करावं, काय वापरावं, काय सोडावं

कोकणात ‘कॅनिंग’ हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मे महिना सरत आला, पाऊस तोंडावर आला, की बागेत उरलेला डागी आणि जास्त पिकलेला हापूस ‘कॅनिंगला’ जातो. पदार्थ डब्यात किंवा बरणीत बंद करून उष्णतेने टिकवायचा, ते कॅनिंग. आमच्या लेखी मात्र ते म्हणजे कारखाना, टेम्पो आणि किलोमागे पडलेला भाव. घरच्या शेगडीवर कुणी कॅनिंग करतं, हे मला अमेरिकेत येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

इंडियानात आमच्या शेजारी एक आजीबाई राहायच्या. दर ऑगस्टमध्ये त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरलेली असायची आणि तळघरातल्या फळ्यांवर टोमॅटो, पीच, फरसबी यांच्या बरण्या ओळीने लागायच्या. लेकीकडे कायमच्या राहायला जाताना त्यांनी मला तीन पेट्या दिल्या. पेट्यांत निळसर काचेच्या बरण्या होत्या, जस्ताची झाकणं, एनॅमलचं भलंमोठं पातेलं, पंखांसारख्या कानांच्या नटांनी आवळायचा जाडजूड प्रेशर कॅनर (दाबाखालच्या वाफेत बरण्या तापवायचं भांडं) आणि त्यांच्या आईच्या हातची एक वही. वही देताना त्या म्हणाल्या, “ही वाचायला ठेव. यातल्या वेळा मात्र लावू नकोस.”

त्या एका वाक्याभोवतीच हा लेख आहे. जुन्या भांड्यांतली बरीचशी आजही उत्तम काम देतात. जुन्या पद्धती आणि जुन्या वेळा मात्र धोक्याच्या आहेत. कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, हे नीट कळलं तरच या कामाला हात घालावा.

आधी हे समजून घ्या

आपलं लोणचं मीठ, आंबटपणा आणि तेलाच्या जोरावर टिकतं. मुरांबा साखरेच्या पाकावर टिकतो. बरणीला दादरा बांधून वर्षभर ठेवला तरी चालतो, कारण जंतूंना वाढायला हवं तसं पाणीच त्यात मोकळं नसतं. कॅनिंगचं तंत्र वेगळं. त्यात पदार्थ जवळजवळ ताजा, पाणीदार राहतो. तो टिकतो दोनच गोष्टींमुळे: बरणी बंद असताना आतपर्यंत पोचलेली उष्णता, आणि थंड होताना आत तयार होणारी पोकळी, जी झाकण घट्ट ओढून धरते.

हे तंत्र निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने बसवलं. १७९५च्या सुमारास त्याने प्रयोग सुरू केले. जाड काचेच्या बाटल्यांत अन्न भरायचं, बूच मारायचं, तारेने आवळायचं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला यासाठी १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं हे मात्र त्यालाही माहीत नव्हतं. जंतूंमुळे अन्न नासतं, हे लुई पाश्चरने दाखवून द्यायला आणखी निम्मं शतक जायचं होतं.

खरी मेख आंबटपणात आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. हवा नसलेली, ओलसर, कमी आंबट जागा मिळाली की ते रुजतात आणि जिवावर बेतणारं विष तयार करतात. आणि बंद बरणी म्हणजे नेमकी तशीच जागा! या विषाने अन्नाचा वास, रंग बदलेलच असं नाही. पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल तर हा जिवाणू वाढत नाही. म्हणून कॅनिंगचे दोन सरळ भाग पडतात. बहुतेक फळं, जॅम, व्हिनेगरमधली लोणची आणि आम्ल घातलेला टोमॅटो उकळत्या पाण्यात चालतो. फरसबी, मका, मटार, गाजर, मांस, मासे आणि सगळ्या डाळी-कडधान्यांना प्रेशर कॅनरच लागतो, कारण त्यांना ११६ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता हवी आणि ती दाबाखालच्या वाफेतच मिळते.

पेटीतल्या एकेका वस्तूविषयी

निळसर बरण्यांवर ‘३० नोव्हेंबर १८५८’ अशी तारीख उठावात कोरलेली होती. मी हरखून गेले होते. नंतर कळलं, ती बरणीच्या जन्माची तारीख नव्हे. जॉन लँडिस मेसन या न्यूयॉर्कच्या पत्र्याच्या कारागिराला आटे असलेल्या बरणीचं पेटंट त्या दिवशी मिळालं, आणि पुढे कित्येक दशकं कारखानदार तीच तारीख बरण्यांवर छापत राहिले. आजही अशा बरणीला ‘मेसन जार’च म्हणतात. अशा बरण्या बनवणाऱ्या बॉल बंधूंचा कारखाना १८८०च्या दशकाच्या शेवटी नैसर्गिक वायूसाठी बफेलोहून इंडियानातल्या मन्सीला आला. त्यांची ती निळी काच १९३०च्या दशकात थांबली. इतकी जुनी काच उष्णतेत आणि दाबात फुटण्याचा संभव जास्त. माझ्याकडच्या निळ्या बरण्यांत आता पोहे, तीळ आणि शेंगदाणे असतात, आणि खिडकीतलं ऊन त्यांतून फार सुंदर दिसतं. कॅनिंगला त्या काढत नाही.

जस्ताची झाकणं हातात घेतली की आतून दुधी काचेची चकती दिसते. नुसतं जस्त अन्नाला लागू नये म्हणून १८६९ मध्ये ही चकती बसवण्याची युक्ती निघाली. खाली रबराचं कडं घालून ही झाकणं आवळायची असत. दुसरा प्रकार काचेच्या झाकणाचा. तारेची कमान खटकन खाली ओढली की झाकण बसतं. हेन्री पुटनमचं हे १८८२चं ‘लाइटनिंग’ झाकण. दोन्ही देखणी आहेत, पण दोन्हींत एकच उणीव आहे: आत पोकळी झाली की नाही हे बाहेरून खात्रीने कळत नाही. त्यामुळे दोन्ही बाद. धान्याच्या बरणीला खुशाल लावा.

कॅनिंगसाठी आजचं दोन भागांचं झाकणच घ्यावं. एक पातळ पत्र्याची चकती, तिच्या काठाला आतून रबरासारखा थर. दुसरं तिला जागेवर धरणारं आट्यांचं कडं. चकती एकदाच वापरायची. कडं गंजलं नाही, वाकडं झालं नाही, तर वर्षानुवर्षं चालतं. बरण्या साधारण ४७० मिली म्हणजे पाइंट, किंवा ९५० मिली म्हणजे क्वार्ट मापाच्या, कॅनिंगसाठीच बनवलेल्या घ्याव्यात. जॅम-मेयोनेजच्या रिकाम्या बरण्यांची काच पातळ असते, मी त्या घेत नाही.

एनॅमलचं पातेलं मात्र अजून पहिल्यासारखं आहे. उकळत्या पाण्याच्या पद्धतीला लागतं ते इतकंच: बरण्या उभ्या राहून वर दोन बोटं पाणी येईल आणि तरी उकळायला जागा उरेल इतकं खोल भांडं, घट्ट झाकण, आणि तळाला जाळी. जाळीशिवाय बरणी थेट तळावर ठेवायची नाही, तडकते. पेटीतलं रुंद तोंडाचं नरसाळं आणि बरणी उचलायचा चिमटा ही दोन साधनंही मी रोजच्या विश्वासाने वापरते. चिमट्याचा आकार बरणीच्या गळ्याला मिठी मारेल असा असतो. आपली सांडशी इथे घेऊ नये, ओली बरणी निसटते.

वहीतल्या या पद्धती वहीतच राहू द्या

उकळता पदार्थ बरणीत ओतून झाकण लावायचं आणि झालं, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चाललेली जुनी रीत. झाकण ‘बसतं’ही. पण भरताना आत गेलेल्या जंतूंना मारायला नंतरची उष्णता मिळतच नाही. बरणी उलटी करून ठेवायची रीत याच कुळातली. ओव्हनमध्ये बरण्या भाजणं तर आणखी वाईट: कोरडी हवा उष्णता हळू पोचवते आणि बरणी हातात किंवा तोंडावर फुटू शकते. जॅमवर वितळलेलं मेण ओतायचीही चाल होती. मेण कडेने सुटतं आणि खाली बुरशी धरते. काही जुन्या कृतींत ॲस्पिरिनची गोळी टाकायला सांगितलेली दिसते. ती उष्णतेची जागा घेत नाही.

आणि फरसबी तीन तास पाण्यात उकळायची, हे त्या वहीत सुबक अक्षरात लिहिलंय. तीन तास काय, दिवसभर उकळली तरी पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८८ मध्ये घरगुती कॅनिंगची सविस्तर, तपासलेली मार्गदर्शिका काढली आणि पुढे ती सुधारत नेली. वेळा तिच्यातूनच घ्याव्यात. ती इंटरनेटवर मोफत आहे.

टोमॅटो, अगदी पहिल्यापासून

पहिल्यांदा करणाऱ्याने टोमॅटोच घ्यावा. सात क्वार्ट बरण्यांना साधारण १० किलो टोमॅटो लागतात, नऊ पाइंट बरण्यांना साडेसहा किलो. घट्ट, लांबट, गराचा टोमॅटो उत्तम. मऊ पडलेला, फुटलेला किंवा थंडीने मेलेल्या वेलावरचा टोमॅटो नको, त्याचा आंबटपणा उतरलेला असतो. बाजारातून आणल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कामाला बसा.

सुरुवात बरण्यांपासून. एकेक बरणी उजेडात धरून फिरवा. मग काठावरून बोटाचं टोक हलकेच, गोल, पूर्ण फिरवा. डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला लागतो. असा टवका असेल तर चकती बसणार नाही, बरणी बाजूला. उरलेल्या साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, भरेपर्यंत गरम पाण्यातच ठेवा. हे गरम ठेवणं मी पहिल्या वर्षी गांभीर्याने घेतलं नव्हतं. ओट्यावरच्या गार बरणीत उकळता टोमॅटो ओतला आणि टच्च आवाज होऊन बूड चकतीसारखं सुटून आलं. दोन तासांची मेहनत ओट्यावरून खाली ओघळली, पायावर आली नाही हे नशीब. दहा मिनिटं किंवा जास्त उकळणार असाल तर बरण्या आधी वेगळ्या निर्जंतुक कराव्या लागत नाहीत. गरम मात्र हव्यातच.

मोठ्या पातेल्यात अर्धं पाणी आणि जाळी घालून ते मंद आचेवर चढवून ठेवा. पाणी ८० अंशांच्या आसपास, म्हणजे वाफा येतायत पण उकळी नाही, असं असावं.

आता टोमॅटो. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवा, सालीला चीर पडली की लगेच गार पाण्यात. साल हाताने सरकते. देठाचा कठीण भाग काढून चार फोडी करा. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट शिजवू नये, हे आपल्या घरात कुणी सांगावं लागत नाही. एकूण फोडींचा सहावा हिस्सा आधी पातेल्यात घालून लाकडी दट्ट्याने चेचा आणि भरभर गरम करा. रस सुटला की त्यात उरलेल्या फोडी थोड्याथोड्या घालत, ढवळत राहा. या फोडी चेचायच्या नाहीत, आपोआप मऊ होतात. सगळं आलं की पाच मिनिटं हलकं उकळू द्या.

भरण्याआधी आम्ल. ही पायरी कधीही गाळू नका. टोमॅटोचा पीएच ४.६च्या रेषेवरच घोटाळतो, कधी अलीकडे, कधी पलीकडे. प्रत्येक क्वार्ट बरणीच्या तळाशी अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड, पाइंट बरणीत पाव चमचा. सायट्रिक ॲसिड म्हणजे ढोकळ्यात घालतो तेच लिंबूसत्त्व. ते नसेल तर बाटलीबंद लिंबाचा रस, क्वार्टला दोन मोठे चमचे, पाइंटला एक. ताजं लिंबू पिळायचा मोह होतो, पण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा, बाटलीतल्या रसाचा ठरावीक. चवीला आंबट वाटलं तर खाताना चिमूटभर साखर घाला. मीठ हवं तर क्वार्टला एक चहाचा चमचा. त्याचा टिकण्याशी संबंध नाही, फक्त चवीशी.

नरसाळ्यातून गरम टोमॅटो भरा आणि वर अर्धा इंच मोकळी जागा सोडा. ती कमी राहिली तर रस उतू जाऊन चकतीखाली अडकतो, जास्त राहिली तर आतली हवा पुरती निघत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवून बुडबुडे काढा. सुरी नको, काचेला ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच ती तडकते. जागा पुन्हा मोजा. ओल्या स्वच्छ फडक्याने काठ पुसा. चकती ठेवा, कडं बोटांच्या जोराने लावा. मनगटाचा जोर लावलात तर हवा बाहेर पडायला वाट उरत नाही.

बरण्या चिमट्याने उभ्याच जाळीवर सोडा. पाणी झाकणांच्या वर एक ते दोन इंच हवं. कमी पडलं तर उकळतं पाणी कडेने घाला. झाकण ठेवा. खळखळून उकळी फुटली की मग घड्याळ लावा: पाइंटला ३५ मिनिटं, क्वार्टला ४५. मध्येच उकळी मोडली तर पुन्हा उकळी आणून वेळ पहिल्यापासून मोजायची.

ही वेळ समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीपर्यंतची. उंचावर पाणी कमी उष्णतेवर उकळतं, म्हणून वेळ वाढते. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे ४० आणि ५० मिनिटं. महाबळेश्वर किंवा अमेरिकेतल्या डेन्व्हरला ४५ आणि ५५. रत्नागिरी, मुंबई, गोव्यात किनाऱ्यालगत मूळ वेळ चालेल. आपलं गाव किती उंचीवर आहे ते आधी बघूनच ठेवा.

वेळ झाली की गॅस बंद, झाकण काढा, पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग बरण्या उचलून जाड पंचावर, वाऱ्याच्या झोतापासून दूर, एकमेकींत बोटभर अंतर ठेवून मांडा. उचलताना तिरप्या करू नका, वर साचलेलं पाणी पुसायची घाई नको, कडं पुन्हा आवळायचं नाही. आता थांबायचं. थोड्या वेळाने एकेक चकती आत ओढली जाताना ‘टिक्’ असा बारीक, स्वच्छ आवाज येतो. पहिल्या वर्षी मी अंधारात ओट्याजवळ उभी राहून ते आवाज मोजले होते.

बारा ते चोवीस तासांनी कडी काढा आणि चकतीच्या मध्यावर बोट दाबा. हलली नाही तर बरणी बसली. दाबल्यावर खाली जाऊन वर आली तर बसलेली नाही. ती फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा, किंवा चोवीस तासांच्या आत नवी चकती लावून सगळी क्रिया पुन्हा करा. बसलेल्या बरण्या धुऊन, तारीख लिहून, कड्याशिवाय, अंधाऱ्या गार जागी ठेवा. कडं काढायचं कारण साधं आहे: पुढे कधी आत काही बिघडलं तर चकती सुटलेली लगेच दिसेल, कडं असेल तर झाकून जाईल. वर्षभरात वापरून टाका.

आपल्या स्वयंपाकाच्या सवयी इथे आवरा

आपला हात लगेच लसणाकडे जातो. या बरण्यांत कांदा, लसूण, मिरची, तेल, फोडणी काहीही घालायचं नाही. भाज्यांनी आंबटपणा उतरतो, तेलामुळे उष्णता पोचण्याचं गणित बदलतं. फोडणी बरणी उघडल्यावर. आमटी, भाजी, पनीरची ग्रेव्ही बरणीत भरून उकळत्या पाण्यात ठेवण्याचा विचारही नको. पिकलेल्या आंब्याचा रसही तसाच फसवा: काही जातींचा पीएच ४.६च्या वर जातो, म्हणून आम्ल न घालता घरी बरणीबंद करू नये. रसाला फ्रीझर बरा. लाल भोपळ्याचा शिजवून घोटलेला गर प्रेशर कॅनरमध्येसुद्धा करत नाहीत, कारण दाट लगद्याच्या मध्यापर्यंत उष्णता कधी पोचते याचा भरवसा नाही. घाऱ्यांसाठी भोपळा गोठवून ठेवा.

त्या जाड कॅनरबद्दल

पंखांच्या नटांचा जुना प्रेशर कॅनर वापरता येतो, पण तपासल्याशिवाय नाही. वाफेची नळी उजेडात धरून आरपार दिसते का पाहा. सुरक्षेचा बूच आणि असल्यास रबर बदला. दाबाचा काटा दरवर्षी तपासून घ्यायचा असतो. अमेरिकेत बऱ्याच जिल्ह्यांतलं कृषी विस्तार कार्यालय हे करून देतं. सुटे भाग मिळत नसतील तर भांडं कितीही सुरेख असो, वापरू नका. वापरताना झाकण लावून आधी दहा मिनिटं वाफ सलग बाहेर सोडायची आणि मगच दाब धरायचा, नाहीतर आत हवा अडकते आणि काटा बरोबर दिसूनही उष्णता कमी राहते. फरसबीला, ३०० मीटर उंचीपर्यंत, काट्याच्या कॅनरमध्ये ११ पौंड दाबावर पाइंटला २० मिनिटं, क्वार्टला २५. नंतर दाब आपोआप उतरू द्यायचा. पाणी ओतून उतरवला तर बरण्यांतला रस बाहेर फेकला जातो.

आपला रोजचा कुकर या कामाला चालत नाही. कॅनिंगच्या वेळांत भांडं तापायला आणि निवायला लागणारा काळही धरलेला असतो, आणि छोटा कुकर फार लवकर तापतो, फार लवकर निवतो. चार क्वार्ट बरण्या उभ्या मावतील एवढं भांडं हवं, ही तिथली कमीत कमी अट.

बरणी उघडताना

आधी बघा, मग उघडा. चकती फुगलेली, सुटलेली, काठावरून ओघळ, आत बुडबुडे वर येताना दिसणं, उघडताना फवारा, आंबूस किंवा कुबट वास: यांतलं एकही दिसलं तर चाखून बघायचं नाही. बरणीसकट पिशवीत घट्ट बांधून, कुत्र्या-मांजरांना मिळणार नाही असं टाकायचं आणि ओटा ब्लीचच्या पाण्याने पुसायचा.

सगळं ठीक असेल तर चमच्याच्या टोकाने चकती उचला, हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू येतो. जानेवारीत इथे दारात गुडघाभर बर्फ असतो. मी कढईत तेल तापवून मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता घालते, आणि त्यावर ऑगस्टचा टोमॅटो ओतते. एका पाइंटमध्ये चार जणांचं सार होतं.